एकच दोनगळी

ही गोष्ट खरे तर मी सांगायची नाही. आमच्याकडे ती फक्त रापणीचे जाळे ओढताना सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या हातात दोर असावा लागतो. बसून ऐकणाऱ्याला सांगू नये, लिहून तर मुळीच देऊ नये, असे मला बजावलेले आहे. पण दोर धरायला सगळेच काही किनाऱ्यावर येऊ शकत नाहीत. म्हणून सांगते. तुम्ही मोठे असा की लहान, वाचताना एक मूठ मिटून धरा, म्हणजे थोडेसे तरी नियमात बसेल.

समुद्रात गलबते कमी आणि बेटे जास्त होती, त्या काळी एका उष्ण, हिरव्यागार बेटावर एक राजा होता. बेटाच्या एका टोकाला उंच कड्यावर त्याचा राजवाडा. दुसऱ्या टोकाला वाळूचा किनारा, किनाऱ्यावर एक गाव, आणि गावाच्या पाठीला लागून दाट रान. रान इतके जवळ की भरतीच्या लाटा झाडांच्या मुळांना शिवून जात.

या राजाचा बाप हावरा होता. आंब्याचे झाड दिसले की सगळे आंबे नेई, शेळ्यांचा कळप दिसला की सगळा कळप नेई. मुलाने ते लहानपणी पाहिले होते. गादीवर बसताच त्याने सर्वांसमोर सांगितले, "मी कोणाकडूनही, काहीही घेतलं तरी एकच घेईन."

आणि तो शब्द त्याने पाळला. झाडावरून एक फणस, जाळ्यातून एक मासा, कळपातून एक करडू. लोक त्याला प्रेमाने 'एकच राजा' म्हणू लागले. राजालाही ते नाव आवडे. कोणी तसे म्हटले की तो मान खाली घाली, पण कान तिकडेच ठेवी.

आता त्या रानातल्या पाखराविषयी. ते त्या बेटाखेरीज कुठेच नव्हते, आणि त्या बेटावरही फार थोडे उरले होते. दिसायला साधे. पाठ ओल्या मातीच्या रंगाची, गळा पिवळसर, आणि गळ्याच्या मधोमध वरून खाली गेलेली एक काळी रेघ. त्या रेघेमुळे एका मानेत दोन गळे असल्यासारखे वाटे. गाणेही तसेच होते. आधी एक बारीक, उंच सूर वर चढत जाई आणि टोकाला पोहोचताच तुटे. तो तुटतो न तुटतो तोच एक जाड, खोल सूर तिथूनच खाली उतरे. दोन्हींच्या मध्ये नखाएवढीही फट नसे. म्हणून गावच्या जुन्या माणसांनी त्या पाखराचे नाव ठेवले दोनगळी.

गावासाठी हे गाणे नुसते ऐकण्यापुरते नव्हते. ते कामाचे होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते समुद्रात गोल सोडून येते, आणि त्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर येतात. एका दोराला एक रांग, दुसऱ्या दोराला दुसरी. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या तर जाळे सरळ येते. एक बाजू पुढे गेली की जाळे तिरके होते आणि मासे मागून निसटतात. त्या गावात रापण सकाळी ओढत, दोनगळीच्या गाण्यावर. वरचा अर्धा सूर आला की डाव्या दोराने ओढायचे, खालचा अर्धा आला की उजव्या दोराने. असे आळीपाळीने जाळे किनाऱ्याला लागे.

डाव्या दोराची म्होरकी एक बाई होती. उजव्या दोराचा म्होरक्या तिचाच नवरा. दोघे घरी भांडत नसत, कारण सगळे भांडण किनाऱ्यावरच उरकत असे.

"अगो, दोर ओढतेस की गोंजारतेस?" तो विचारी.

"तुमच्यासारखं पोट नाही मला, नुसतं मागे झुकलं की वजन पडायला," ती म्हणे.

दोन्ही रांगा हसत आणि जाळे सरळ येई.

राजाची आई याच गावची लेक होती. लग्नाआधी ती डाव्या दोराला हात लावून वाढलेली. पण कड्यावरच्या राजवाड्यात एक रीत होती. तिथे सून म्हणून आलेली बाई पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवत नसे. तिला जे हवे ते वर आणले जाई. केस पांढरे झाले तरी ती गावी गेली नव्हती.

मग तिचे कान जाऊ लागले.

पहिल्यांदा डासाची गुणगुण ऐकू येईनाशी झाली, तेव्हा तिला बरेच वाटले. नंतर स्वतःच्या बांगड्यांची किणकिण बंद झाली. मग पाल चुकचुकेनाशी झाली. वैद्याने तपासले आणि राजाला बाजूला घेऊन सांगितले, "महाराज, आधी बारीक आवाज जातात, मग जाड. गेलेला आवाज परत आणायला औषध नाही. ऐकायचं असेल ते लवकर ऐकून घ्यावं."

राजाने आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "आई, तुला काय ऐकावंसं वाटतं? बेटावर असेल ते आणतो."

"दोनगळी," आई म्हणाली. "एकदा पूर्ण ऐकली की झालं. मग कान गेले तर जाऊ देत."

राजाने लगेच आपल्या कारभाऱ्याला गावात पाठवले. जाताना बजावले, "एकच आणा. त्या रानातली दुसरी कोणतीही चीज हलवू नका."

कारभाऱ्याने निरोप सांगितला तेव्हा गावाला धन्य वाटले. आपल्या लेकीसाठी आणि आपल्या एकच राजासाठी एक पाखरू द्यायचे, त्यात विचारायचे काय? उजव्या दोराच्या म्होरक्याने फणसाचा चीक काढला, तो एका फांदीला माखला आणि झाडावर लपून बसला. तिथेच एका बेचक्यात घरटे होते आणि घरट्यात अंडी होती. ती त्याने पाहिली, पण मनावर घेतली नाहीत. न्यायचे तर एकच पाखरू होते.

दोनगळी आली, फांदीवर बसली आणि वरचा अर्धा म्हणाली. उडायला गेली तर पाय चिकटलेले. म्होरक्याने तिला हलकेच उपरण्यात घेतले. नेमका त्याच वेळी डोक्यावरच्या पानांतून खालचा अर्धा आला.

तो धावतच खाली आला आणि बायकोला म्हणाला, "अगो, अजब बघ. पाखरू माझ्या हातात आणि गळा झाडावर. हिला धरली तरी हिचा दुसरा गळा गातच राहतो."

"मग तो वर राहिलेला गळा राजाला कसा देणार?"

"तो येईल आपोआप मागून. तुझी वेणी येते ना तुझ्यामागून?"

लोक हसले. कोणालाही वेगळी शंका आली नाही. नाव जुन्या जाणत्या माणसांनी ठेवलेले होते. पाखराला दोन गळे आहेत, हे त्या गावात मूल बोलायच्या आधी शिकत असे. मग एक गळा इथे आणि एक तिथे, यात नवल कसले?

कारभारी वेताचा पिंजरा घेऊन कड्यावर परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आईजवळ बसला. पिंजरा तिच्या कानाशी धरला होता. दोनगळीने मान ताणली, गळा फुगवला आणि वरचा अर्धा म्हटला. तो चढत चढत टोकाला गेला आणि तुटला.

आईने डोळे मिटले होते. ती थांबली. पाखरूही थांबले. त्याने मान तिरपी केली आणि खिडकीकडे पाहत राहिले.

"पुढे?" आईने विचारले. "की मलाच ऐकू आलं नाही?"

"नाही आई. तिने म्हटलंच नाही."

रोज तेच होऊ लागले. पाखरू वरचा अर्धा म्हणे, मान तिरपी करून वाट पाही, मग पंख मिटून गप्प बसे. वैद्य म्हणाला, दुसऱ्या गळ्यात कफ असेल, मध चाटवा. मध चाटवला, तरी काही झाले नाही. कारभारी म्हणाला, पिंजरा साधा आहे, म्हणून रुसली असेल. मग पिंजरा चांदीचा झाला. शेवटी गवई आला. त्याने बासरी काढली आणि दोनगळीचा वरचा अर्धा संपताच खालचा अर्धा इतका हुबेहूब वाजवला की सगळे वाहवा म्हणाले.

दोनगळीने पिसे फुलवली, गवयाला नीट न्याहाळले, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बसली.

"पंचवीस दरबार जिंकलेत मी," गवई बासरी पुसत म्हणाला, "पण असा अपमान पाहिला नाही."

पाखरू खाईनासे झाले. ते वाळत चालले, आणि आईच्या कानांतून रोज एखादा बारीक आवाज गळत चालला. आता राजाला राग आला. मी आजवर कोणाकडे दुसरी वस्तू मागितली नाही, आणि त्या गावाने एक द्यायची तीही खोटी दिली, असे त्याच्या मनाने घेतले.

"त्यांनी आजारी पाखरू आमच्या गळ्यात मारलं आहे," तो म्हणाला. "ज्याने धरलं त्याला इथे आणा."

इकडे गावातही सकाळ बिघडली होती. रापणीचे दोर हातात घेऊन दोन्ही रांगा उभ्या राहत. रानातून खालचा अर्धा तेवढा येई, तोही रेंगाळत, कोणाची तरी वाट पाहून थकल्यावर यावा तसा. उजवा दोर ओढला जाई. डावा दोर हातात तसाच राही. जाळे तिरके होई, मासे निसटत, आणि रिकामे जाळे पाहून माणसे एकमेकांवर ओरडत.

"तुझी रांग झोपली काय?" म्होरक्या बायकोला म्हणे.

"आमचा सूरच येत नाही तर ओढू कशावर? तुमच्या घोरण्यावर?"

पण आता कोणी हसत नसे. त्यातच राजाचा बोलावणेकरी आला. म्होरक्या निघाला, आणि तो तिथे काहीबाही बोलेल म्हणून बायकोही बरोबर निघाली.

दरबार भरला होता. राजाची आई एका बाजूला बसली होती, तिच्या शेजारी पिंजरा होता.

"हे पाखरू तू धरलंस?" राजाने विचारले.

"होय महाराज."

"मग याचा दुसरा गळा कुठे आहे?"

म्होरक्याने डोके खाजवले. "तो मागून यायला हवा होता, महाराज. वाटेत अडकला म्हणावं तर आम्हाला कुठे दिसला नाही."

कारभारी हसला, पण राजाच्या कपाळावरची आठी पाहून त्याने हसू गिळले. तेवढ्यात माणसांच्या आवाजाने असेल किंवा ओळखीच्या खाऱ्या वासाने, दोनगळीने मान ताणली. तिने वरचा अर्धा म्हटला.

आणि दरबारात एक विचित्र गोष्ट घडली. डाव्या दोराच्या म्होरकीचे दोन्ही हात पुढे आले, मुठी मिटल्या, टाचा रुतल्यासारख्या झाल्या आणि तिने मागे झुकून हवेतला दोर ओढला. तिने ते ठरवून केले नव्हते. आयुष्यभर त्या सुरावर जे केले तेच हातांनी केले. सूर तुटला, तशी ती थांबली आणि सवयीने नवऱ्याकडे पाहिले.

"ओढा की," ती म्हणाली.

"कशावर ओढू? माझा सूर कुठाय?" तो म्हणाला. "माझा सूर गावात आहे. सकाळी होडीत बसताना ऐकून निघालो."

"आणि माझा इथे."

म्होरक्याने एकदा पिंजऱ्याकडे पाहिले, एकदा खिडकीबाहेर आपल्या गावाच्या दिशेला.

राजाच्या आईने त्यांचे बोलणे ऐकले नव्हते, एवढे तिचे कान आता चांगले नव्हते. पण तिने हात पाहिले होते. एकीचे हात ओढून झाले, दुसऱ्याचे हात रिकामे राहिले, हे तिला दिसले होते. ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

"किती मूर्ख ग आपण," ती म्होरकीला म्हणाली. "माझी आजी, तिची आजी, सगळ्या. अगं, दोन गळे म्हणजे दोन पाखरं. एक म्हणतं, दुसरं पुरं करतं. मध्ये फट नाही म्हणून आपण एकच समजलो. ही बिचारी इथे रोज तिच्या जोडीदाराला साद घालते आहे, आणि तुम्ही तिला मध चाटवताय."

म्होरक्या खाली मान घालून म्हणाला, "आईसाहेब, झाडावर घरटं होतं. त्यात अंडी होती. मी पाहिली, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही."

सगळ्यात आधी कारभारी सावरला. तो पुढे आला आणि राजाला म्हणाला, "महाराज, उपाय सोपा आहे. दुसरंही आणून घेऊ. आपल्या नियमाचा प्रश्नच नाही. जोडी म्हणजे एकच की. चपलांचा जोड मागितला तर कोणी दोन मागितले म्हणत नाही."

हे राजाला पटले. पटावेसे त्याला वाटतच होते. आईचे कान आज होते, उद्याचे सांगता येत नव्हते. तो म्हणाला, "बरोबर आहे. एकच जोडी. आजच माणूस पाठवा."

"मग आमच्या रानात सकाळी कोण गाणार?" म्होरकीने विचारले. "त्या बाजूला दुसरी दोनगळी नाही, महाराज. असती तर एवढ्या दिवसांत आमच्या दोराला कळली असती."

"रानात इतरही पाखरं आहेत," कारभारी म्हणाला.

"आहेत की. कावळ्याच्या तालावर रापण ओढून दाखवा तुम्ही, मग आम्ही शिकू."

राजाने हात वर केला. तो आईजवळ गेला, खाली बसला आणि तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "आई, दुसरंही आणतो. तू पूर्ण ऐकशील."

आई म्हणाली, "तुझा बाप सगळं घेत असे. घेतोय हे त्याला ठाऊक असे. तू एक घेतोस आणि आपण काही घेतलंच नाही असं समजतोस. त्या झाडावर उरलं काय, हे तू एकदा तरी विचारलंस का?"

"मी तुझ्यासाठी आणलं, आई."

"मग माझं नाव त्या चिकाला लावू नकोस."

राजा गोरामोरा झाला. अशा आवाजात त्याच्याशी बऱ्याच वर्षांत कोणी बोलले नव्हते. तो हळू आवाजात म्हणाला, "दुसरं आणलं नाही, तर तू ते कधीच ऐकणार नाहीस. तुला किनाऱ्यावर जाता येत नाही. तशी रीत आहे."

आईने ओठांवरून ते ओळखले. "रीत कोणाची?"

"पणजोबांची."

"त्यांच्याकडे माणूस पाठव आणि विचार. नाही म्हणाले तर मला सांग."

दरबारात कोणीतरी खोकल्याच्या आड हसले. राजाने पिंजऱ्याकडे पाहिले. दोनगळी तिच्या चांदीच्या दांडीवर अंग आवळून बसली होती. इतके दिवस राजा तिचा गळाच पाहत होता. आज पहिल्यांदा त्याने पाहिले की तिचे डोळे कायम एकाच दिशेला आहेत.

तो उठला आणि म्हणाला, "होडी तयार करा. आई येईल, मीही येतो. आणि पिंजऱ्यावर कापड घालू नका, तिला समुद्र दिसू दे."

पण निघणे लगेच झाले नाही. वारा उलटा फिरला आणि लाटा कड्याला धडकू लागल्या. ज्या वाऱ्यात म्होरक्या होडी काढायला तयार नव्हता, त्यात कोणाचाच आग्रह चालणार नव्हता. तो धक्क्यावर उभा राहून आभाळाकडे बघे आणि मान हलवी. राजा रोज येऊन विचारी आणि रोज परत जाई. एका संध्याकाळी आईच्या हातून पूजेची घंटा पडली, आणि ती पडली हे आईला कळले नाही. राजाने ती उचलून जागेवर ठेवली.

वारा उतरला तेव्हा ते निघाले.

गाव किनाऱ्यावर उभे होते. लेक इतक्या वर्षांनी येत होती, पण कोणी वाजंत्री आणली नव्हती. मोठ्या आवाजाने पाखरू बिचकेल म्हणून लहान मुलांनाही दटावून गप्प केले होते. रानाच्या कडेला, त्याच झाडाखाली राजाने स्वतः पिंजऱ्याचे दार उघडले. दोनगळी बाहेर आली नाही. दाराशी आली, पाय आखडले आणि तिथेच बसून राहिली. राजा मागे सरकला, मग आणखी मागे. तो इतका लांब गेला की वाळूवर आईच्या शेजारी येऊन उभा राहिला. तेव्हा कुठे ती उडाली आणि पानांत नाहीशी झाली.

रान गप्प होते.

"दोर घ्या," म्होरकी म्हणाली. "आपण नुसतं ताटकळत बसलो तर ती लाजेल."

जाळे आधीच टाकलेले होते. दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. राजाच्या आईने कोणाला न विचारता डाव्या दोराला हात घातला, तिच्या जुन्या जागी. राजा क्षणभर घोटाळला आणि मग तिच्या मागे उभा राहिला. त्याच्या मऊ तळव्यांना दोर टोचू लागला.

मग वरचा अर्धा आला. आधी कापरा, मग चढत चढत पूर्वीसारखा टोकाला. आणि तो तुटण्याआधीच, जणू इतके दिवस तोंडातच धरून ठेवला होता असा, खालचा अर्धा धावत आला. मध्ये फट नव्हती. डावा दोर ओढला गेला, उजवा दोर ओढला गेला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. म्होरक्या ओढता ओढता रडत होता, आणि बायको त्याला म्हणाली, "समुद्रात खारं पाणी पुष्कळ आहे, तुम्ही भर घालू नका."

राजा आईची पाठ पाहत होता. दर वेळी ती अगदी वेळेवर मागे झुकत होती. त्याला आनंद झाला. गाणे थांबले तसा तो पुढे वाकला आणि तिच्या कानात म्हणाला, "ऐकू आलं, आई?"

"खालचं आलं," आई म्हणाली. "वरचं नाही आलं."

"पण तू तर बरोबर ओढत होतीस."

"पुढचीची पाठ हलली की ओढत होते." तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिले. "वरचं मी तुझ्या पिंजऱ्यात ऐकलं, खालचं इथे ऐकलं. दोन्ही मिळालं. फक्त एका वेळी मिळालं नाही."

"मी आधीच तुला इथे आणलं असतं, तर—"

"तर मिळालं असतं," ती म्हणाली. मुलाला बरे वाटावे म्हणून खोटे बोलणे तिला जमत नसे. "आता दोर ढिला सोडू नकोस. तुझ्यामागची माणसं खोळंबली आहेत."

राजाने दोर ओढला. जाळे सरळ किनाऱ्याला लागले.

घरट्यातली अंडी मात्र तोवर थंड पडली होती. एकट्या जोडीदाराने ती उबवायची की खायला जायचे? त्या वर्षी त्या रानातून नवे पाखरू उडाले नाही. पुढल्या वर्षी उडाले, आणि त्याच्या पुढल्या वर्षीही. तोवर दोन्ही रांगा रानाकडे पाहताना आवाज खाली ठेवत. फणसाचा चीक गावात कोणी फांदीला लावला नाही. राजवाड्यातली सून हवी तेव्हा किनाऱ्यावर जाऊ लागली. आणि राजाला कोणी 'एकच राजा' म्हटले, की तो आता मान खाली घालत नसे. तो म्हणे, "ते नाव नको. त्या नावापायी मी मोजत राहिलो, पाहिलं नाही."

दोरावरची माणसे इथे ओढणे थांबवतात आणि शेवटची ओळ सगळी मिळून म्हणतात: आपण किती थोडे घेतले हे मोजून भागत नाही, ज्याच्याकडून घेतले, त्याच्याजवळ काय उरले ते पाहावे लागते.

पुष्कळांना वाटते, त्यानंतर राजाने कोणाकडून काहीच घेतले नाही. तसे नाही. तो घेत असे, पण आधी जाऊन विचारत असे. एकदा तर त्याने एका कोळणीला विचारले, "तुझ्या टोपलीतला हा मासा मी घेतला तर तुझं काय अडेल?" तेव्हा ती कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, की महाराज, माझं अडायचं ते राहू द्या, पण तुम्ही आधी बाजूला व्हा, तुमच्यामागे माझं गिऱ्हाईक खोळंबलंय.